पिपाणी काहून वाजत नाही

प्रिय मोहिनी,

आधी तुझ्या त्या पिपाण्यांचं गाऱ्हाणं ऐक, बाकीचं मागून. तू म्हणशील, आई, फोनवर सांगायचं की. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे तुझा साहेब बोलत असतो. शिवाय आपलं घर केवढंसं! मी बोलले की दादांच्या कानावर जातं, आणि त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला थोडं सांगायचं आहे. म्हणून मेंढरं सावलीला बसवून हे लिहायला घेतलंय. शाळा सुटल्यापासून एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस.

मासा लागला की टीं टीं वाजणारी यंत्रं तू पाठवलीस, कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. होळीनंतर तुझ्या दादांवरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि वाचा बसली. जो तुझा बाप एस्टीच्या ड्रायव्हरशी, मेंढराच्या व्यापाऱ्याशी, आभाळाशी सुद्धा भांडण उकरून काढायचा, तो गप्प झाला. मोठ्या डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या ना, ज्यात जीव रमतो ते करू द्या, बोलायची गरज पडू द्या. यांचा जीव कशात रमतो ते साऱ्या गावाला ठाऊक. धरणाच्या फुगवट्याला मेंढरं चरत असायची आणि हे काठीला मेंढराचं घुंगरू बांधून गळ टाकून बसलेले. आता गोळ्यांनी त्यांचा डोळा लागतो, घुंगरू काही त्यांना उठवत नाही, आणि मी कळपामागे लांब. म्हणून तुझी युक्ती. दोरा चाकावरून जाणार, मासा ओढायला लागला की चाक फिरणार, काठीपाशी वाजणार आणि माझ्या गळ्यातल्या डबीतही वाजणार. मी पळत यायचं, ओढायचं, आणि कसं ओढायचं ते त्यांनी सांगायचं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप, ते आपल्या दोघींनाच माहीत.

गणपतीत पिपाण्या आल्या तेव्हा घरात दोरा ओढून बघितला तर छान वाजल्या. मग पावसाने धरणाकडे जाऊ दिलं नाही. दसरा झाला, ऊन पडलं, दादांना शेजारच्या भारतच्या रिक्षात घालून पाण्याकाठी नेलं, आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. डावीकडची पिपाणी उगीच वाजायची. मी तिकडून पदर खोचून धापा टाकत यावं, तर दोरा जागच्या जागी आणि तुझे दादा घोरतायत. तोवर मेंढरं धोंडीरामच्या उसात. तो काय काय बोलला ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मी तरी कुठं कमी बोलले म्हणा. उजवीकडची तर त्याहून लबाड. काठी पार वाकली, मासा पिठाची गोळी गळासकट घेऊन गेला, तरी बया गप्प! दादांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मान फिरवली. लई वाईट वाटलं मला.

मग मी हात धुऊन मागे लागले. तू पाठवलेला व्हिडिओ बघितला, त्यातला माणूस इंग्रजीत बोलतो आणि खुशाल हसतो. नवे चौकोनी सेल घातले, तरी तेच. सेलच्या पत्र्या चिंधीने पुसल्या, तरी तेच. तू म्हणालीस बटण कमी-जास्त करून बघ, वाऱ्याने वाजत असेल. कमी केलं तर दोन्ही मुक्या, जास्त केलं तर डावी अशी ओरडायची की बगळे उडून जायचे. दोरा ताणून बांधला, सैल सोडला, काठ्या जवळ रोवल्या, लांब रोवल्या. गळ्यातली डबी पुन्हा जोडून बघितली. माजलगावला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेल्या, त्याने कानाशी हलवल्या आणि म्हणाला, मावशी, हे आपल्याकडचं काम न्हाई, टाकून द्या. टाकून द्या! तुझ्या घरी लकव्याचा माणूस हाय का, असं विचारणार होते, पण जीभ आवरली.

आणि दुसरीकडे तुझे दादा. पहिल्या दिवशी सकाळपासून डोक्याला फेटा गुंडाळून दारात बसले होते, डाव्या हाताने. चार-सहा फेऱ्या अशा वाया गेल्यावर रिक्षा आली तरी उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तुला मी दर रविवारी सांगत होते, बरे आहेत, जेवतात. जेवत होते, खोटं नाही. पण घास भरवताना माझ्याकडे बघतही नव्हते. मी तुझ्यावर चिडले, कंपनीवर चिडले, त्यांच्यावर तर रोजच चिडत होते. एकदा भांडं आपटून म्हणाले, अहो, शिव्या तरी द्या! त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी मी रागारागाने उजवी पिपाणी घेतली आणि शिलाई मशीनच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने उघडली. म्हटलं, बिघडलेलीच आहे, आणखी काय बिघडणार. आणि मोहिनी, आत काय निघावं? हळद! चाकाच्या बुडाला हळद-कुंकवाचा वाळून दगड झालेला लेप, आणि चाकाखाली अडकलेला अक्षतेचा एक दाणा. चाक फिरणार कसं? डावी उघडली तर तिच्यात गुळाचा पाक आणि मुंग्यांचं अख्खं गाव, त्या हलल्या की ही वाजणार. खंडेनवमीला कातर, कुऱ्हाड, विळा, दादांची काठी, सगळं पाटावर मांडून मी पूजा केली होती. त्यात तुझ्या पिपाण्याही ठेवल्या. इतर हत्यारांवर शिंपडते तसंच पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि पोरीने लांबून पाठवलंय म्हणून गुळाचा खडा जरा मोठाच ठेवला. आता हस. मीही हसले, एकटीच, मग रडले, मग साडीच्या पिनेने सगळं कोरून काढलं. मुंग्यांना मात्र मनापासून शिव्या घातल्या.

दोन दिवस उन्हात वाळवून परत जोडल्या. दादा यायला तयार नव्हते. मी आणि भारतने त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात बसवलं. पाण्याकाठी गेल्यावरही ते पिपाण्यांकडे पाठ करून बसले. मी मेंढरांकडे गेले. ऊन चढलं, आणि माझ्या गळ्यातली डबी वाजली. मी मनात म्हटलं, मेले, पुन्हा सुरू झालीस का! तरी पळाले. बघते तर काठी वाकलेली, चाक गरागरा फिरतंय, पिपाणी बोंबलतेय. मला काय कळतंय मासे पकडण्यातलं? अडलेलं मेंढरू ओढावं तशी मी काठी छातीशी धरून मागे ओढायला लागले. आणि मागून, मोहिनी, तुझ्या बापाचा आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण त्यांचाच. 'ढील!' म्हणाले. मी काठी तशीच धरून मागे बघितलं. मग पुन्हा, तोंड लाल करून, 'ढील!' म्हणजे सैल सोड, तुटेल. तुटलाच. दोरा तुटला, मासा गेला, काठी माझ्या हातून पाण्यात पडली. मी चिखलात बसून त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली, आणि ते डाव्या हाताने माझ्या डोक्यात टपल्या मारत होते, मासा घालवला म्हणून.

तेव्हापासून एवढा एकच शब्द येतो. चहा हवा तरी ढील, गार झाला तरी ढील, धोंडीराम दिसला की जोरात ढील. मला सगळं कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, एक शब्द आधी येतो, मागून दुसरे येतात, घाई करू नका. तुला लगेच फोन करणार होते. दादांनी मोबाइल हातातून काढून घेतला आणि उशीखाली ठेवला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू व्हिडिओ फोन केलास की ते टॉवेल तोंडावर ओढून घेतात, आणि तू मला विचारतेस, दवाखान्यासाठी मी अर्धा कळप विकायला लावला म्हणून दादा माझ्यावर रागावलेत का. मी तुला दर वेळी काहीतरी सांगून गप्प करत होते, कारण मलाही तसंच वाटत होतं. तसं नाही गं. परवा मी गोठ्यामागे गेले तर हे मेंढरांच्या पुढ्यात बसलेले, तुझा शाळेतला फोटो मांडीवर घेऊन. तोंड उघडायचे, ढील निघायचं. मग स्वतःच्या तोंडावर चापट मारायचे आणि पुन्हा तोंड उघडायचे. घामाने अंगरखा भिजला होता. त्यांना तुझ्यासमोर चुकीच्या शब्दाने यायचं नाही, एवढीच गोष्ट आहे. लेकीला हाक मारताना ढील म्हणायची त्यांना लाज वाटते. मी आडोशाला उभी राहिले, पुढे गेले नाही. काल 'मो' पर्यंत आलेत. त्याच्यापुढे सरकत नाही, आणि सरकत नाही म्हणून रडतात. पूर्ण नाव येईपर्यंत मी वाट बघणार नाही, तूही बघू नकोस. सुट्टी काढ आणि ये. दारात त्यांनी 'मो' म्हटलं, की तेवढ्यावरच ओ दे.

तुझीच,
बेजार झालेली आई