फक्त मॅडमले सांगितलेलं

शुक्रवार, संध्याकाळ. दारव्हा.

मॅडम, तुम्ही समुपदेशक आहात का हेडमास्तर सरांच्या खबरी?

लंब्या आजारी रजेनंतर शाळेत परतायची माही तयारी दहापैकी किती, मागच्या भेटीत तुम्ही विचारलं. मी चार म्हटलं. "शून्य काहून नाही?" इतक्या मायेनं विचारलं, का बोलून गेलो. पोरं आठवतात, पण फळ्यावर लिहिताना हात थरथरते. हे मायलेही माहीत नाही.

आज स्टाफरूममंदी हेडमास्तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अबे, हात थरथरत असंल त बसून शिकव ना." कोणालेच नवल वाटलं नाही. म्हणजे सगळ्यायले आधीच माहीत होतं. मायले नाही, अन् यायले माहीत.

तुम्हीही तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या भल्यासाठीच सांगितलं."

सोमवारपासून येतो, हेच सांगाले गेलतो मी. ते न सांगताच उठलो, गाडीले किक मारली.