उजवी वर, डावी खाली

सोमवार, दुपार

प्रिय वहिनी,

बघ, लिहिलं. लग्नाला अजून अवकाश आहे, पण आई म्हणते आत्तापासून सवय लाव, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळणार नाही. कागदावर तरी जमलं.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. दादा सकाळी ऑफिसला जाताना म्हणाला, "ती कालपासून धड जेवलेली नाही. सारखी विचारतेय, माझ्यामुळे झालं का? तू तिच्या वर्गातला ना, मग तूच समजाव." म्हणून हे पत्र. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या परवानगीने लिहितोय, कुणी नावं ठेवायला नको.

तर समजावतो. बाबांचं विमान पडलं, त्यात तुझी काहीही चूक नाही.

बाबा काल मैदानातून आले ते खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर पालथे ठेवून. आई म्हणाली, "अहो, खेळण्यातलं विमान ते! घरातलं माणूस गेल्यासारखं काय करताय?" तर म्हणाले, "विमान नाही गेलं गं. हात गेले माझे."

तुला हे कुणी सांगितलं नसेल. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते, केसाएवढी फट बोट फिरवून ओळखायचे. निवृत्त झाले आणि हात थरथरायला लागले. तेव्हा हट्टाने ते विमान करायला घेतलं. सांगाडा स्वतः केला, फळी फळी घासून. ते उडालं की हात अजून शाबूत आहेत, एवढा साधा हिशोब होता त्यांचा.

शेवटची जुळणी मात्र जमेना, ब्लेड घसरायचं. मग मला हाक मारली. "या नवाब. कॉलेज अर्ध्यावर टाकलंत, निदान हे तरी तडीला न्या." (कॉलेज मी सरांशी भांडण झालं म्हणून सोडलं, असं घरात सांगितलंय. तुमचं ठरलं त्याच आठवड्यात भांडण झालं, हा योगायोग. तूही तसंच धरून चाल.)

आणि मी नेलं की तडीला! सांगाड्यावर रंगीत फिल्म गरम इस्त्रीने बसवायची असते. इस्त्री जास्त तापली तर आतलं लाकूड पिळतं, कमी पडली तर सुरकुत्या राहतात. माझं डोकं तापायला इस्त्री लागत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण हात थंड ठेवले. पंखावर एक सुरकुती शोधून दाखव. मोटर बसवली, चाकं बसवली, पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघितला. बाबा तेवढ्याने लहान मुलासारखे हसले. लाल रंग मी निवडला, तुझ्या छत्रीचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्याही.

आता त्या तपासणीचं. बाबांचा नियम असा, की ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही, आपली चूक आपल्याला दिसत नाही. विमान सोडण्याआधी रिमोटवाला दांडी उजवीकडे नेतो. मागे उभ्या माणसाने पंखांच्या हलत्या पट्ट्या बघायच्या. उजवी वर, डावी खाली, असं असेल तर मोठ्याने "बरोबर" म्हणायचं. आठवडाभर दादा घरात नाचत होता, "उडवणार मी, 'बरोबर' म्हणणार ती!"

आणि मैदानात ऐन वेळी त्याने रिमोट बाबांच्या हातात दिला. "पहिलं उड्डाण तुमचं, बाबा." दादाचं हे असंच. चांगुलपणा करतो आणि मोकळा होतो.

"सूनबाई, मागे उभी राहा," बाबा म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे आहेत ना? मग झालं."

दादा समोर विमानाचं नाक धरून बसला होता, त्याला तिथून सगळं उलटंच दिसणार. बाबांनी दांडी नेली, पट्ट्या हलल्या. तू गोंधळलीस. उजवी वर, की डावी? मान वळवून माझ्याकडे बघितलंस.

मी होकार दिला.

"बरोबर!" म्हणालीस तू.

पुढचं तुलाही दिसलंच. सरळ छान चढलं. पहिल्याच वळणाला डावीकडे कललं. बाबांनी सावरायला उजवीकडे दांडी दिली, तसं आणखी डावीकडे गेलं. जितकं सावरत होते तितकं कलंडत होतं.

शनिवारी वायरी जोडल्या तेव्हाच मला दिसलं होतं. पट्ट्या उलट्या चालत होत्या. चूक खरी होती, मुद्दाम केलेली नव्हती. रिमोटवर एक बारीक कळ असते, नखाने सरकवली की काम झालं. नख लावलंही होतं. तेवढ्यात दादा डोकावला, "उद्या ती बघायला असेल. जमेल ना रे मला नीट?"

मी नख काढून घेतलं.

तो तुझ्यासमोर तोंडावर आपटावा, बस, एवढंच हवं होतं. बाबांनी रिमोट घेतला तेव्हा थांबवता आलं असतं. तू बघितलंस तेव्हाही. पण तू माझ्याकडे बघत होतीस. दादाकडे नाही, माझ्याकडे. मागच्या बाकावर बसून या एका नजरेची वाट बघितली होती मी. "नाही" म्हटलं असतं तर नजर लगेच काढून घेतली असतीस. होकार दिला तर निदान हसून काढलीस.

आज सकाळी बाबांनी हत्यारांची पेटी माझ्यापुढे सरकवली. "तुझं काम चोख होतं रे. उडवणारा कुचकामी निघाला. आता ही तू वापर." मी घेतली.

आता काय ते तू ठरव. दादाला सांगितलंस तर बाबांना हात परत मिळतील आणि एक मुलगा कमी होईल. नाही सांगितलंस तर याच घरात येशील. बाबांच्या हातात चहाचा कप देशील, तो बशीवर वाजेल, आणि तू माझ्याकडे बघशील. रोज. मला तेवढं पुरे.

जेवून घे. दादाला काळजी वाटते.

तुझा,
म्हणजे तुझा दीर. बघ, तेही जमलं.