नर्सबाई पाचव्या नंबरावर

मेहकर, ता. भालकी
१६ जानेवारी २००६

तीर्थरूप म्हाळसाअक्कास,

धाकट्या गुंडेरावचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना वेगळा नमस्कार (मागच्या पत्रात एकाच ओळीत दोघांना उरकलं म्हणून ते रुसले होते असं कळलं). तुझे गुडघे कसे आहेत? पुण्याची थंडी आपल्यासारखी कोरडी नसते म्हणतात, तेव्हा तेल लावत जा. आमचं इकडं बरं आहे. तुरी काढून झाल्या, म्हैस व्याली, मंगल बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. त्याचं कारण पुढं येईल.

मी तालुका पंचायतीला उभा राहिलो आणि पडलो, हे तुला फोनवर कुणी ना कुणी सांगितलंच असेल. पण आपल्याकडचे लोक फोनवर निकाल सांगतात, गोष्ट सांगत नाहीत. म्हणून लिहितो.

उभं राहायचं ठरलं त्या दिवशी मी वहीचं पान फाडून तालुक्याच्या बळकटीसाठी पाच कामं लिहायला बसलो. मंगल ज्वारी निवडत होती. मी विचारलं, पैलं काय लिहू? ती मान वर न करता म्हणाली, "नर्सबाई. गावात राहणारी. खोली बांधा, तिला ठिवून घ्या, बाकीचं मग." मला पटलं. नर्सबाई, मग रस्ता, मग पाणी, मग शाळेला मराठी मास्तर, मग उदगीरची बस, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. अक्का, तो कागद चांगला होता. आज तो जवळ नाही, पण चांगला होता.

तो कागद मी मारुतीच्या पारावर वाचून दाखवला तर पैल्याच ओळीला हसू पिकलं. अंकुशराव (आपल्या विहिरीच्या बांधावरचे, तुला आठवत असतील) म्हणाले, "गुंडेराव, बाळंतपणाच्या जिवावर इलेक्शन लढवायलास व्हय? रस्ता घे वर." मी रस्ता वर घेतला. पुढच्या गावात पाणी वर घ्यावं लागलं, त्याच्या पुढं मास्तर, त्याच्याही पुढं बस. एका गावात निम्म्यांना मराठी मास्तर पाहिजे होता आणि निम्म्यांना कन्नड. तिथं मी "मास्तर" एवढंच ठेवलं आणि चहा घेऊन निघालो. त्यात निशाणी मिळाली शिलाई मशीन. बाया येऊन विचारायच्या, मशीन कधी वाटणार? मी म्हणायचो, मशीन न्हाई, मशीनवर शिक्का मारायचा. त्या म्हणायच्या, शिक्का मारतो, पण मशीन कधी?

उदगीरच्या छापखान्यातल्या शिवय्यानं माझी अडचण ओळखली. तो म्हणाला, "कामून डोकं धरून बसलाव? ओळी त्याच ऱ्हाऊ द्या. ज्या गावाला जी पाहिजे ती वर सरकवतो, कागदाचा रंग तेवढा बदलतो." गावं-वाड्या मिळून सहा, म्हणून सहा रंग. मला वाटलं, काय अक्कल आहे! सहाही कागदांवर कुणाचा तरी नंबर पैला होता, नर्सबाईचा मात्र सगळीकडं पाचवा. (तिच्यासाठी भांडायला सभेत कुणी येत नव्हतं. ज्यांना ती पाहिजे होती त्या सभेला येत नाहीत.) शेवटचा पिवळा कागद वरच्या वाडीचा. त्यात माझा फोटो बारका दिसत होता. शिवय्या म्हणाला, एक ओळ काढली तर मोठा बसंल. मी म्हणालो, काढ. कुठली, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

वरच्या वाडीत पिवळे कागद वाटायला मी स्वतः गेलो होतो. तिथं रेणू भेटली. आपल्या चुलत घराण्यातली सून, सातवी शिकलेली, दिवस भरत आलेले. तिनं कागद वरून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. म्हणाली, "मामा, मंगलमामी तर नर्सबाई येणार म्हणल्या हुत्या. हितं न्हाई की." मी म्हणालो, "पुढच्या छपाईत हाय, पोरी." ती हसली. तिला खरं वाटलं.

मतदानाला चार दिवस राहिले असताना भालकीच्या बाजारात आपल्या सहाही गावांचे लोक एका झाडाखाली बसले आणि कुणीतरी भज्यांखालचा गुलाबी कागद हिरव्या कागदाशेजारी ठेवला. अक्का, मग जे झालं ते लिहिताना आजही कान गरम होतात. मला जीपमधून उतरवलं. एकजण म्हणाला, "गुंडेराव, तुम्ही उमेदवार हाव का सरडा?" मी दोन तास समजावत उभा होतो की कामं तीच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे. कुणी जाऊ देईना. त्याच वेळी वाडीत रेणूला दुखायला लागलं होतं आणि तिचा दीर सायकल मारत मला हुडकत होता, कारण त्या दिवशी आपल्या भागात भाड्याची असो की घरची, चालू गाडी एकच होती आणि तिच्यावर माझा फोटो होता.

तो सापडला तसे आम्ही निघालो. मंगल वाडीतच होती, तिनं रेणूला मागच्या बाकावर धरून घेतलं. भोंग्याची कॅसेट ड्रायव्हरनं बॅटरीलाच जोडली होती, ती बंद होईना. त्या दगडांच्या वाटेनं रेणू कण्हायलीय आणि वरून माझाच आवाज ओरडायलाय, "आपला विकास, आपला गुंडेराव!" शेवटी मी चालत्या जीपमध्ये वायर ओढून तोडली. दवाखान्यात मुलगी झाली. रडली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर आधी आणायचं होतं. रेणू वाचली. मंगल तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी प्रचार तिथंच थांबवला. निकाल लागला, जगदेवप्पा निवडून आले. त्यांनी एकही कागद छापला नव्हता. कुणी काही मागितलं की कन्नड बोलणाऱ्याला "नोडोण", मराठी बोलणाऱ्याला "बघू" आणि मुसलमान गल्लीत "देखेंगे", एवढाच तीन भाषांतला जाहीरनामा. मला चारशे बारा मतं पडली. त्यात सगळ्यांत जास्त कुठली, सांगू? वरच्या वाडीची. मी तिथं तोंड लपवत गेलो तेव्हा रेणूचा नवरा म्हणाला, "काका, तुम्ही जीप दिलाव. आमी कसं इसरू?" त्यापेक्षा त्यानं कानाखाली ओढली असती तर मी घरी येऊन जेवलो असतो.

पडल्याचं मला काही वाटत नाही. राजकारण आपलं काम नव्हे, हे कळलं. दाजींनी बीपीची गोळी चुकवू नये. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
गुंडेराव

ता. क. – पडल्याचं काही वाटत नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. पण ते फार मोठं नाही.

ता. क. २ – मुख्य गोष्ट राहिली. गेल्या आठवड्यात मी जगदेवप्पांकडं गेलो. म्हणालो, अण्णा, नर्सबाईची खोली तुमच्या कामात पैल्या नंबरला घाला. मला वाटलं नोडोण म्हणतील. ते म्हणाले, "जागा दाखव, उद्याच अर्ज घालतो. दगडावर नाव माझं." नाव त्यांचं चालेल. (चालायला मला तीन दिवस लागले.) जागेचं मात्र तुझ्याकडं आहे. रस्त्याकडेचा आपला तुकडा दोघांच्या नावावर आहे, तुझी सही लागते. दाजी कामावरून सुटले की तिथं घर बांधून परत यायचं तुमच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्राच्या वरच्या अंगाला लिहायची हिंमत झाली नाही.

ता. क. ३ – मंगल म्हणते, अक्काला गळ घालू नका, त्यांचा हक्क हाय. ते बरोबर आहे. तू नाही म्हणालीस तर माझ्या अर्ध्यात तपासायची खोली तेवढी बसते, नर्सबाईला राहायला जागा बसत नाही. आणि न राहणारी नर्सबाई तर आपल्याकडं आजही आहे. मंगळवारी येते, अकरा ते एक. रेणूला दुखायला लागलं तो गुरुवार होता.