जुन्याच भोकांतून

आप्पा, हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्यासारख्या त्या सगळ्यांना, ज्यांनी दुसऱ्यांच्या पायातलं नीट करता करता स्वतःचं आयुष्य जमिनीवर बसून काढलं. आपली तक्रार एकच आहे. लोकांनी आपल्याकडून काम घेतलं, त्याचं कौतुकही केलं, पण बसायला खुर्ची दिली नाही. गोरेगावच्या त्या सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपटाच्या मागच्या दाराशी तुमचं गोणपाट अंथरलेलं असायचं. आत हवालदारांचे, सैनिकांचे, घोडेस्वारांचे बूट फळ्यांवर ओळीने उभे, आणि त्यांना उभं ठेवणारा माणूस उंबऱ्याबाहेर. कपडेपट सांभाळणारा ड्रेसदादा मनाने वाईट नव्हता. चहा द्यायचा. कप मात्र तुमचा वेगळा, दाराबाहेर खिळ्याला टांगलेला. तुम्ही तो विसळून परत टांगायचात, अगदी नीट, त्याचा कान भिंतीकडे करून. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

आणि त्या कपाच्या माणसाच्या हातात काय होतं ते आतल्या कुणालाच कळत नव्हतं. चांगल्या बुटाला वरचं चामडं आणि तळ यांना धरून ठेवणारी एक पट्टी कडेने फिरवलेली असते. तळ झिजला की तुम्ही शिवण उसवायचात, नवा तळ लावायचात, आणि मेण ओढलेला दोरा त्या पट्टीच्या जुन्याच भोकांतून पुन्हा न्यायचात. एकही नवं भोक पाडायचं नाही, हा तुमचा नियम. त्यासाठी आजोबांची चामडं टोचायची आरी होती, गावच्या लोहाराने घडवलेली, बाजारातल्या आरीहून बारीक. तिच्या लाकडी मुठीवर दोन पिढ्यांच्या अंगठ्याची खळी पडली होती. पंधराव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, मी हट्टाने तुमच्या शेजारी बसले आणि एका बुटाला चार नवी भोकं पाडली. तुम्ही माझी सगळी शिवण उसवलीत.

“एवढ्याशा भोकानं काय होतंय, आप्पा?”

“पट्टी कमजोर होते. पुढच्या वेळेला फाटंल.” मग आरी माझ्या हातातून काढून घेत म्हणालात, “घाई असेल तर भाषणं कर. तिथं चुकलं तरी टाळ्या मिळतात.”

आतून ड्रेसदादा खो खो हसला. मी रागाने निघून आले, आणि तुमचं म्हणणं तंतोतंत खरं करून दाखवलं.

कॉलेजात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही मला बूट दिलेत. कुठल्याशा नटीच्या घोडेस्वारीच्या प्रसंगासाठी आणलेले, नंतर अडगळीत टाकलेले, तांबूस तपकिरी. तुम्ही ते मागून घेतलेत, तळ नवा घातलात, आठवडाभर तेल चोळलंत. “स्टेजवर चढताना घाल,” म्हणालात. “पायांकडं बघायची वेळ येणार नाही.” तेव्हापासून महत्त्वाच्या प्रत्येक सभेला मी तेच घातले.

मालाडच्या शाळेच्या मैदानावरची ती रविवारची सभाही त्यातलीच. मी तुम्हाला न विचारता तुमच्या पिशवीतून आरी उचलून नेली होती. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलेले, इस्त्रीच्या शर्टात. निदान तिथे तुम्हाला खुर्ची होती. मी आरी उंच धरून म्हणाले, जन्माबरोबर हातात दिलेलं हत्यार हे हत्यार नसतं, ती बेडी असते. ही माझ्या बापाची बेडी, आणि आज मी ती खाडीत टाकणार आहे. मैदान उभं राहिलं. जन्मावरून काम ठरू नये हे मी आजही मानते, त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. पण बेडी ती आरी नव्हती, आप्पा. बेडी ते गोणपाट होतं, तो खिळ्याचा कप होता. ते उचलून आणायचं तर ड्रेसदादाच्या तोंडासमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं. तुमची पिशवी घरातच होती, आणि तुम्ही झोपला होतात.

घोषणा देत आम्ही मार्व्याच्या जेट्टीवर गेलो. तुम्ही आला नाहीत. मनोरीच्या बोटीसाठी थांबलेली एक कोळीण रिकामी पाटी बाजूला घेत म्हणाली, “काय टाकतेस गो पाण्यान? आमच्याच जाल्यान येनार ते.” सगळे हसले. रुमालाची पुरचुंडी पाण्यात पडली आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

संध्याकाळी मी घरी येते. तुम्ही पिशवी पालथी करून बसला आहात. आई ओट्याशी पाठमोरी, भाकरी थापायची थांबलेली.

“खरंच टाकलीस?”

“हो.”

तुम्ही चामडं कापायची रापी, हातोडी, मेणाचा गोळा एकेक करून पिशवीत परत भरता. “भाषण चांगलं झालं,” तुम्ही म्हणता. “उद्या सहा जोड द्यायचेत, त्यांचं कसं करू तेवढं सांग.”

मी झोळी घेऊन मोरीकडे हात धुवायला गेले. तुम्ही बाजारातली आरी आणलीत. ती जाड, जुन्या भोकांत शिरताना पट्टी फाटायची. मोरीच्या दगडावर घासून तुम्ही ती बारीक केलीत, तर तिसऱ्या जोडाला मोडली आणि तळहातात गेली. वर्षभरात ड्रेसदादाने बूट बाहेर चिकटवायला द्यायला सुरुवात केली. तुम्ही स्टेशनबाहेर चपलांचे अंगठे शिवत बसलात, शेवटपर्यंत. माझ्या बुटाचा तळ झिजत आला तेव्हा एकदा मी ते तुमच्यापुढे ठेवले होते. तुम्ही हात लावला नाहीत. “ह्याला ही आरी लावणार नाही. फाटंल.” मला वाटलं होतं तुम्ही राग धरला आहे. तुम्ही बूट जपत होतात.

तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात बोरिवलीच्या एका सभेत, श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी बोलत असताना, उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला. मॉलमधल्या बूटदुरुस्तीच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, चिकटवून देतो ना, सहा महिने जातील, मग फेका.” मी त्याला एक व्याख्यान दिलं. त्याने शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मग स्टेशनबाहेरच्या एका म्हाताऱ्याकडे गेले, तुमच्या जागेपासून दोन हातांवर. त्याने चष्मा वर सरकवला आणि पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवलं.

“हे कुणी शिवलंय? एक भोक जास्तीचं नाही.”

“माझ्या वडलांनी.”

“मग बाई, त्यांचीच आरी लागेल. माझी घातली तर वाट लागेल ह्याची. आहे का घरात?”

मी त्याला म्हणाले, बघते.

आहे, आप्पा. जेट्टीवरच्या त्या पुरचुंडीत दगड होता. मैदानापासून मार्व्यापर्यंत चालताना अंगठा त्या खळीत बसला आणि हात उघडेना. वाटेत वाकून मी दगड उचलला. आरी माझ्या झोळीत होती, तुम्ही पिशवी पालथी करून बसला होतात तेव्हासुद्धा, तुमच्यापासून चार पावलांवर. ती पुढे केली असती तर सभा खोटी ठरली असती. तुम्ही जाड आरीने हात फोडून घेत होतात, आणि ती माझ्या कपाटात पुस्तकांच्या मागे फडक्यात गुंडाळलेली होती. सकाळी बाहेर काढली. गंज थोडाच आहे. उद्या त्या म्हाताऱ्याकडे नेईन. त्याने विचारलं इतकी वर्षं कुठे होती, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मी तर बोलण्यावर जगणारी बाई.

त्या संध्याकाळी तुम्ही कानाखाली वाजवली असतीत तर मी झोळी उघडली असती. तुम्ही शाबासकी दिलीत आणि माझं तोंड कायमचं शिवून टाकलंत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरीही सभेच्या सवयीने शेवटी एकच मागणी करते. “भाषण चांगलं झालं,” म्हणाला होतात ना, आप्पा, ते परत घ्या.