डिशवॉशरचं पाणी आणि शेजारचा विल्मार

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ८.१०
डिशवॉशर उघडलं तर तळाशी पाणी. गढूळ, चार बोटं. नेलिदा लगेच म्हणाली, विल्मारला हाक मारू का? लग्नाला एकतीस वर्षं झाली. घरात काही बिघडलं की आधी नवऱ्याला विचारावं, एवढं तरी बाईला कळायला हवं. मी म्हटलं, तासाभराचं काम आहे.

विल्मार शेजारी राहतो. विधुर. बोटीवर इंजिन मेकॅनिक होता, आता दिवसभर दारातल्या पायरीवर बसून मिशा कुरवाळतो. बोटींचं त्याला कळत असेल. आमच्या घरात बोट नाही.

संध्याकाळी ५
पळीने पाणी उपसलं. मशीन ब्राझीलच्या सीमेवर रिवेराला जाऊन घेतलेलं, म्हणून मॅन्युअल पोर्तुगीजमध्ये. मला पोर्तुगीज येतं. ज्याने हे लिहिलंय त्याला येत नसावं.
निदान: व्होल्टेज. उद्या मागचा पाइपही बघून टाकू. सावकाश, पद्धतशीर.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. मशीन ओढून बाहेर काढलं, पाइप सोडवला. पाणी निघालं, म्हणजे प्रगती आहे. ते सगळं स्वयंपाकघरात निघालं हा तपशील झाला.

विल्मारने अंगणाच्या भिंतीवरून डोकं काढलं. फिल्टर पाहिलास का, हेबेर? म्हटलं, सगळ्यात आधी तेच पाहिलं. (याला फिल्टर असतो? कुठे?) मी येऊ का, म्हणाला. म्हटलं, तू आपला आराम कर, या वयात गुडघे सांभाळावेत. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

दुपारी नेलिदा सगळी खरकटी भांडी घेऊन त्याच्याकडे गेली. आपल्याकडे फरशीवर तळं साचलंय, म्हणाली. ती घासते, तो पुसतो. हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं. भांडी घासताना हसण्यासारखं काय असतं? मी इतकी वर्षं घासली नाहीत म्हणून मला माहीत नसेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आज येर्बा, आमचा रोजचा कडू पत्तीचा चहा, माझी मला करून प्यावी लागली. एकतीस वर्षं रोज सकाळी नेलिदाच वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात पत्ती भरते, थर्मासमधलं गरम पाणी ओतते, नळी माझ्या हातात देते. आज ती थर्मास काखेत मारून शेजारी. भांडी तिकडे आहेत, मग येर्बाही तिकडेच, असं तिचं म्हणणं. माझा भोपळा घरात नसल्यामुळे मी कपात प्यायलो. गाळणीशिवाय. दातात पत्ती.

पडद्याआडून पाहिलं. हेरगिरी नाही, उजेड कसा पडतो ते बघत होतो. नळी तिच्या तोंडातून निघाली की त्याच्या तोंडात. सगळा देश एका नळीने पितो हे मला कळतं. पण सगळ्या देशाला विल्मारच्या मिशा नाहीत.

मत्सर वगैरे मुळीच नाही. माणूस दिसायला बरा आहे एवढंच डोळ्यांत खुपतं.

संकल्प: उद्या मशीन चालू. नेलिदा घरी. मिशा ठेवण्याचा विचार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ११.३०
फिल्टर सापडला. मशीनच्या तळाशी, खालच्या फवाऱ्याखाली असतो, फिरवला की निघतो. इतकी साधी गोष्ट लपवून ठेवतात. आत मूठभर हिरवा लगदा. येर्बाची पत्ती.

आता प्रश्न असा की डिशवॉशरमध्ये येर्बा गेली कशी. तर सोमवारी मी माझा भोपळा मशीनमध्ये ठेवला होता. पत्तीसकट. भोपळ्याला साबण लावायचा नसतो हे इथल्या तान्ह्या मुलालाही माहीत आहे, मलाही आहे. पण रविवारी विल्मार नेलिदासमोर म्हणाला, हेबेर, तुझ्या भोपळ्याला कुबट वास येतो. ती मान हलवून हसली. मग माणूस काय करेल? सगळ्यात गरम प्रोग्राम लावला. भोपळा तडकला, कागदात गुंडाळून टाकून दिला. नेलिदाला सांगितलं, ऑफिसात राहिलाय.
म्हणजे मुळात दोष विल्मारचा.

दुपारी १
पाणी गेलं! घडघड आवाज करत गेलं. मी एकट्याने केलं. भिंतीवरून ओरडून सांगितलं. नेलिदा म्हणाली, छान झालं, आमची भांडी होतच आली. आमची.

शनिवार, ८ नोव्हेंबर
जिंकलेल्याने मोठ्या मनाने वागावं, असं ठरवून सकाळी स्वतःची खुर्ची घेऊन विल्मारच्या दारात गेलो. नेलिदा पायरीवरून सरकली, बस म्हणाली. तिसरी पाळी माझी आली. काय सांगू, तिच्या हातची येर्बा. तीन दिवसांनी. दातात एकही पत्ती नाही.

ते दोघं भाजीबद्दल बोलत होते. टोमॅटोला कीड लागलीय. एवढंच. बाकी काही नाही. मलाच स्वतःची लाज वाटली. म्हणून भोपळा परत देताना मी विल्मारला म्हणालो, फिल्टरचं तूच सुचवलंस, आभारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे आभार मानले, आणि मनापासून.

नेलिदाने भोपळा घेतला. भरला. विल्मारला दिला. मग स्वतः. मग विल्मार.

आमच्याकडे भोपळा परत करताना आभार मानले की त्या माणसाला पुरे झालं, तो फेरीतून उठला. मी म्हणालो, मला तसं म्हणायचं नव्हतं. नेलिदा म्हणाली, मग कसं म्हणायचं होतं ते सांग ना, मी ऐकतेय. खरंच ऐकत होती. विल्मारसुद्धा. मला सांगता आलं असतं, की तू रोज सकाळी घरी अस. मी म्हणालो, काही नाही, पोट भरलंय.

खुर्ची उचलून घरी आलो. मशीन लावलं. आत एक कप आहे. पाणी उत्तम जातंय.