कोरड्या काखा

१४ जानेवारी
आज मीटिंगमध्ये व्हाइटबोर्डपाशी उठले नाही. डिझाइन माझं, समजावून सांगितलं ऋषीने. नंतर मॅनेजर म्हणाला, "तू लीड करशील असं वाटलं होतं." काय सांगू त्याला — हात वर केला की काखेत बशीएवढा ओला डाग दिसतो? बाहेर रेडमंडचा गारठवणारा पाऊस, आणि माझी ही गत.

२ फेब्रुवारी
काखेत घेतलेल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा असर या वेळी लवकरच उतरला. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, एक ऑपरेशन असतं. छातीत दुर्बीण घालून घामाची नस कापतात. कायमचं काम. गाडीत बसून रडले. बऱ्याच वर्षांनी सुटल्यासारखं वाटलं.

प्रताप म्हणाला, "घामासाठी छातीत दुर्बीण? आसावरी, वेड लागलंय का तुला?" इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला एकदाही बिनबाह्यांच्या कपड्यात पाहिलेलं नाही. तरी विचारतो.

१९ फेब्रुवारी
सर्जन भेटला. मऊ बोलतो. "घाम दुसरीकडे थोडा वाढू शकतो. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही." थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकून मागे फिरेन अशी भीती होती.

११ मार्च
झालं. श्वास घेतला की बरगड्या ठणकतात. प्रताप सूप आणून देतो. लेकीने केस विंचरून दिले.

१७ मार्च
कोरड्या! पुन्हा पुन्हा हात लावून बघते.
भारतात आईला व्हिडिओवर सांगितलं. "आता तरी काळं सोडून काहीतरी नेस गं," म्हणाली.

२६ एप्रिल
इथल्या शैलजाकाकूंकडे चैत्राचं हळदीकुंकू. मोतिया रंगाची सिल्क नेसले. सगळ्यांचे फोटो मीच काढले, हात चांगले उंच करून. मग पन्हं पीत बसले होते, तर पाठीवरून काहीतरी सरकलं. मुंगी असेल असं वाटलं. घाम होता. ब्लाउज भिजला, परकर भिजला. उठले तर खुर्चीची गादी ओली. काकूंनी तिच्यावर टॉवेल टाकला आणि कानाशी म्हणाल्या, "होतं गं या वयात." मी हो म्हटलं.

१५ जून
पाठ, पोट, मांड्या. जेवताना, कोड लिहिताना, नुसतं बसलं तरी. ऑफिसच्या बॅगेत जादा कपडे, ओल्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. काखा मात्र ठणठणीत कोरड्या. आधी दोन डाग लपवत होते, आता अख्खी मी.

सर्जनकडे जाऊन आले. "नसेला क्लिप लावली असती तर काढून बघता आली असती. तुमची कापली आहे." मग हळूच, "मी बोललो होतो तुम्हाला." हो. बोलला होता.

३ ऑगस्ट
ओट्यापाशी उभी होते. प्रतापने मागून येऊन पाठीवर हात ठेवला. मी दचकून बाजूला झाले.
"मला चालतं गं," तो म्हणाला.
"मला नाही चालत."
त्याने हात पँटला पुसला. मुद्दाम नसेल. पण पुसला. मी ते पाहिलं, हे त्यानेही पाहिलं. मग गॅरेजमध्ये जाऊन बसला.

९ सप्टेंबर
ऋषी लीड झाला. मी घरून काम मागून घेतलं. कॅमेरा बंद ठेवते.

१ ऑक्टोबर
आईचा फोन. "आता सुटलीस ना एकदाची?" हो म्हटलं.

२१ ऑक्टोबर
रुहीने शाळेचा ऑर्केस्ट्रा सोडला. का, विचारलं तर दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. तळव्यांवर घामाचे थेंब. मी बघत असतानाच ते मोठे होऊन मनगटाकडे ओघळले. चौदा वर्षांची पोर.
"व्हायोलिनचा बो हातात राहत नाही, आई. एव्हरी डे. हात ओले म्हणून मला कोणी पार्टनर घेत नाही." मग म्हणाली, "तुझं ऑपरेशन वर्क झालं ना? आय वॉन्ट इट टू."

ओठांवर सवयीने 'हो' आलं होतं. गिळलं. स्वेटर काढला, आतला भिजलेला शर्ट वर केला आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.