लेकीची गोष्ट, बिनशब्दांची

३ जानेवारी
पोचले एकदाची नातीकडे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा कोणी शुद्धलेखन तपासत बसू नये. नात एका बंद पडलेल्या थिएटरच्या वर दोन खोल्यांत राहते. जिना अरुंद, पण ऊन भरपूर. खाली पडद्यासमोर तिचं वाजवणारं टोळकं बसतं. एक क्लॅरिनेट, एक अ‍ॅकॉर्डियन, एक ढोल, आणि एक जण चक्क सुताराची करवत गुडघ्यात धरून तिच्यावर सारंगीचा गज फिरवतो. जुने मुके सिनेमे लावायचे आणि त्यावर वाजवायचं. गाणारं कोणीच नाही. मी विचारलं, सगळ्यांचे घसे एकदमच बसले का. ढोलवाला इतका हसला की टिपरू हातातून पडलं. मला म्हणे नोकरी लागलीय. मी माझ्या गोष्टी सांगायच्या, नात त्या वाद्यांवर वाजवणार. सत्तरीत नोकरी, तीही बडबडीची.

५ जानेवारी
पहिली सांगितली, मिशा फुटलेल्या दगडाची. नात एक अक्षर लिहून घेत नाही. मी कुठे थांबते, कुठे श्वास घेते, कुठे हात उडवते, तेवढंच बघते. एकदाच सांगायची, हा तिचा नियम. मग शब्दांचा चोथा टाकून नुसता रस ठेवते. दुपारी वाजवलं. ठेका सर्कशीचा, सूर अंगाईचा. खोटं कशाला बोलू, काटा आला अंगावर.

९ जानेवारी
खालच्या शिंपीणबाईला दगडाची गोष्ट सांगायला बसले. एक दगड होता म्हणाले, आणि पुढे काहीच नाही. पन्नास वर्षं सांगितलेली गोष्ट. वय झालं, दुसरं काय.

१४ जानेवारी
वय नाही. मुक्या राणीची गेली, कोल्ह्याची गेली. वाजवून झाली की गोष्ट माझ्या डोक्यातून जातेच. आज सिनेमातली एक बाई हातवारे करून बोलत होती. हात माझ्यासारखेच उडवत होती, माझ्याच ठिकाणी थांबत होती. कालपर्यंत त्या सिनेमात ती नव्हती. नातीला बोलले नाही. म्हातारी चळली म्हणेल.

१७ जानेवारी
नातीने आज तिच्या आईची गोष्ट मागितली. म्हणजे माझ्या लेकीची. लेक गेली तेव्हा ही दोन वर्षांची होती, हिला काही आठवत नाही. मीही कधी बोलले नाही. मला लोकांसमोर डोळे पुसायला आवडत नाही. नात म्हणाली, कोल्ह्याची सांगतेस, दगडाची सांगतेस, माझ्या आईनेच काय घोडं मारलंय. मी म्हणाले, भांडी घासायची पडलीत.

१९ जानेवारी
सांगणार. मी मेले की लेक पुन्हा एकदा मरेल, त्यापेक्षा नातीच्या सुरात तरी राहील. पण मी काही खुळी नाही. आधी इथे लिहून ठेवते. डावखुरी होती. वेणी घालताना फणी दातांत धरून भांडायची. मला कायम अगं आई म्हणायची, नुसतं आई कधी नाही. तापात गेली, माझ्या मांडीवर. शेवटचं बोलली ते एवढंच, की बाळ पांघरूण लाथाडतं, लक्ष ठेव.

२० जानेवारी
सांगितली. नात रडली. मी नाही. उद्या वाजवणार.

२१ जानेवारी
छान वाजवलं. ढोलवालासुद्धा डोळे पुसत होता. कोणाची गोष्ट होती म्हणून विचारलं. नात माझ्याकडे बघतच राहिली.

२२ जानेवारी
एकोणीस तारखेचं पान वाचलं. अक्षर माझं. कोणा डावखुऱ्या मुलीचं लिहिलंय. बिचारी. तिच्या आईचं काय झालं असेल –

२३ जानेवारी
नातीने फोटो दाखवला. पोरगी गोड आहे म्हणाले. नात उठून गेली. आत पाण्याचा नळ सोडलाय, मोठा. मला ऐकू येऊ नये म्हणून –

२४ जानेवारी
नात म्हणते पुन्हा वाजवणार नाही, कधीच नाही. वाद्यं झाकून ठेवलीत. सिनेमाचं मशीन बंद आहे. तरी पडद्यावर कोणी – तरुण बाई –

दुपार
वही घेऊन खालीच बसलेय. ती जात नाही. दोन्ही हात पुढे केलेत. ओठ हलतात, आवाज नाही. माझ्याकडेच बघते. माझ्या छातीत कळ का येते, माझी कोण –

नात रडतेय. म्हणते, ही माझी आई, आजी, तुला शोधतेय, एकदा नावाने हाक मार.
फिकट होत चाललीय. पाय गेले, आता कमरेपर्यंत –
मारते. थांब पोरी. मारते हाक. तोंड उघडलंय मी, तुझं नाव –